जडसंग्रहातील ग्रंथ

चंदीगढच्या सेक्टर ३२ मध्ये आम्ही काही मराठी कुटुंबे भाड्याच्या मजल्यांवर राहतो. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत आमची नोकरी. मुले शहरातील चार-पाच शाळांत विखुरलेली. या शाळांपैकी एकीचेही नाव आम्ही येथे घेणार नाही. वाचकांनी पुढील मजकूर आपापल्या बदलीच्या गावातील शाळेस लावून पाहावा. नावावाचून फारसे अडणार नाही.

या सर्व शाळांत ग्रंथालय आहे. खोली आहे, काचेची कपाटे आहेत, कपाटांत ग्रंथ आहेत आणि कपाटांना कुलपे आहेत. आठवड्यातून एक तासिका वाचनाची असते. त्या वेळी मुलांना रांगेने आत नेतात, टेबलावर मासिकांचे जुने अंक पसरतात आणि घंटा होताच ते मोजून परत घेतात. एखाद्या मुलाने कपाटाकडे बोट दाखवून पुस्तक घरी मागितलेच, तर ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ किंवा ‘हरवलेस तर कोण भरून देणार?’ यांपैकी एक उत्तर मिळते. गंमत अशी की, बापाची बदली होऊन शाळा सोडताना ना-बाकी दाखल्यावर ग्रंथालयाची सही मात्र लागते! ज्याला तीन वर्षांत एक पुस्तक दिले नाही, त्याच्याकडे एकही पुस्तक बाकी नाही, अशी ती ग्वाही.

हे कुलूप कोठून आले, हे इतर कोणास ठाऊक नसले तरी आम्हा कारकुनांस ठाऊक असलेच पाहिजे. ते जडसंग्रह नोंदवहीतून आले आहे. टेबल, खुर्ची, लोखंडी कपाट आणि ग्रंथ हे सारे एकाच मापाने मोजण्याची आपली रीत. खुर्ची जितकी कमी हलवावी तितकी ती टिकते. तोच न्याय ग्रंथाला लावला की ग्रंथपाल आपोआप पहारेकरी होतो. पडताळणीत एक पुस्तक कमी भरले तर आपल्या पगारातून वसुली होईल, या धास्तीने तो बिचारा किल्ली कमरेला बांधून बसतो. त्याला दोष देणे सोपे आहे; परंतु त्याची ही धास्ती निराधार आहे असे त्याला कोणी सांगितले आहे काय?

आणि ती खरोखरच बरीचशी निराधार आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीत ग्रंथालयांसंबंधी स्पष्ट तरतूद आहे. वर्षभरात वाचकांस दिलेल्या वा त्यांनी चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची गळती वाजवी समजावी, मात्र तिच्या मुळाशी अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असा तिचा आशय. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा कोणताही दुर्मीळ ग्रंथ गेल्यास चौकशी करावी, एवढाच अपवाद. आता या नियमाचे मर्म पाहा. सूट कपाटातील ग्रंथसंख्येवर मोजलेली नाही. ती वापरावर मोजलेली आहे. समजा, एखाद्या शाळेत वर्षाला चार हजार वेळा पुस्तके दिली गेली. तिला वीस पुस्तकांची गळती क्षम्य आहे. जेथे एकही पुस्तक दिले गेले नाही, तेथे एकाही पुस्तकाची सूट नाही. म्हणजे ज्या वित्त खात्याच्या नावाने ही कपाटे बंद आहेत, त्याने वाचकाचीच बाजू घेऊन ठेवली आहे!

येथे कोणी म्हणेल की, हे नियम केंद्राच्या खात्यांचे. शाळेचा त्यांच्याशी काय संबंध? ज्या स्वायत्त संस्थांचे स्वतःचे मंजूर वित्तीय नियम नाहीत, त्यांनाही हीच नियमावली लागू होते. खाजगी शाळांचे म्हणाल, तर त्यांना ती बांधत नाही हे खरे. पण मग त्यांचे हात तर आमच्याहून मोकळे आहेत. त्यांनी कोणत्या लेखापरीक्षकास भ्यावे?

दुसरा आक्षेप असा की, शहरात सार्वजनिक ग्रंथालये आहेत. आहेत खरी. सेक्टर १७ मध्ये मोठे राज्य ग्रंथालय आहे, जवळच ३४ मध्ये दुसरे आहे. परंतु कार्बुझिएने या नगराची आखणी करताना सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा सेक्टर कल्पिला, तो मुलाने शाळेस पायी जावे आणि वेगाच्या रस्त्यावर त्याला पाऊल टाकावे लागू नये म्हणून. बारा वर्षांच्या मुलीला एकटीने जाता येईल असे ग्रंथालय तिच्या शाळेतलेच. ३२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आहे, सनातन धर्म महाविद्यालय आहे; तेथे पोहोचणाऱ्या मुलांनी अवांतर वाचनाची सवय कोठे लावून घ्यावी, हा प्रश्न शाळेलाच विचारावा लागेल.

हे रडगाणे नवे नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांचे वर्णन केले, तेव्हाही ग्रंथ जुने नि मुलांच्या आवडीशी फटकून निवडलेले होते, आणि त्यांची राखण बहुधा एखाद्या कारकुनाकडे किंवा उदासीन शिक्षकाकडे होती. (कारकुनाचा हा उल्लेख आम्हांस झोंबतो, पण तो खोटा नव्हे.) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वृत्तपत्रे, मासिके, एवढेच काय गोष्टींची पुस्तकेही असावीत असे नमूद आहे. ग्रंथपाल असावा असे मात्र त्या कलमात नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये आपली पाच सूत्रे मांडताना आरंभच ग्रंथांच्या वापरापासून केला. त्याला नव्वद वर्षे उलटली आणि आम्ही अजून कुलपाशी अडलो आहोत.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. गणेशोत्सवात भेटले की आपले बंधू हळहळतात, ‘मुले मराठी वाचत नाहीत हो!’ नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासून मराठी ग्रंथांच्या पेट्या दूरदूर पाठवते. तशी पेटी आपणही मागवावी, असा ठरावही होतो. उत्तम आहे. परंतु ज्या मुलाची वाचनाची सवयच शाळेने मोडली, ते या पेटीचे झाकण तरी कशाला उघडील? आज ते हिंदी कादंबरी घरी आणून वाचू लागले, तर लिपी तीच आहे. उद्या मराठीकडे वळणे त्याला जड नाही. जे कोणत्याच भाषेत वाचत नाही, त्याच्यासाठी मराठी काय नि पंजाबी काय! बडोद्यास सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण केले आणि ग्रंथांच्या फिरत्या पेट्या गावोगाव धाडल्या, त्या मुख्यतः गुजराती बोलणाऱ्या प्रजेकरिता. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने त्या मुलखाच्या ग्रंथालयाशी कसे वागावे, याचा याहून चांगला दाखला आमच्यापाशी नाही.

यावर ‘आपण तीन वर्षांचे पाहुणे, आपल्याला काय करायचे आहे?’ हे ठरलेले उत्तर येते. हेच बंधू कचेरीत मात्र नियमावरून तीन-तीन पाने टिपणी लिहितात! शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, हे त्याच २००९ च्या कायद्यात आहे. खाजगी शाळांतही पालकसभा भरतेच. तेथे गणिताच्या गुणांची विचारपूस झाल्यावर दोन वाक्ये अधिक बोलावीत. गेल्या वर्षी किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, ते देवघेवीच्या वहीत दाखवा, असे म्हणावे. वही कोरी निघाली, तर वर सांगितलेल्या नियमाची एक प्रत काढून ग्रंथपालाच्या हाती द्यावी आणि मुख्याध्यापकांनी त्यावर ‘त्याप्रमाणे करावे’ असा शेरा मारून खाली सही करावी, असा आग्रह धरावा. सहीचा कागद हाती असल्यावाचून कोणताही कारकून किल्ली काढीत नाही.