पडदा पाहिलात का?

परवा बचत गटासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो. आम्ही चौघीजणी आणि एकीचा कॉलेजात जाणारा मुलगा. दुकानदार सगळं त्या मुलालाच सांगत होता, रॅम एवढी, स्टोरेज तेवढं. शेवटी मीच विचारलं, "पडद्याचं रिझोल्यूशन किती?" तर म्हणाला, "काकू, एचडी आहे. एकदम क्लीअर!"

या 'एचडी'नंच तर मागच्या खेपेला आम्हाला फसवलं होतं! आमच्या बायका गोधड्या शिवतात. त्यांचे फोटो लॅपटॉपवर नीटनेटके करून गिऱ्हाइकांना पाठवायचे. त्या पडद्यावर सगळं फिकंच दिसायचं, म्हणून आम्ही रंग गडद करायचो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तोच भडक. डाळिंबी गोधडी हातात पडली की, "फोटोतली ही नव्हेच!" पाच गोधड्या परत आल्या. कुरियरचे पैसे गटाच्या खिशातून गेले, पण त्याहून वाईट म्हणजे शिवणारीला वाटत राहिलं, आपलंच काहीतरी चुकलं.

मैत्रिणींनो, पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. नुसतं 'एचडी' म्हणतात तेव्हा बहुधा १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. पंधरा इंची पडद्यावर कमी ठिपके असले की बारीक मराठी अक्षरांचे हाल होतात. अनुस्वार, रफार पुसट होतात, जोडाक्षरं चिकटतात. हिशेबाच्या वह्या त्यावर उतरवणारीचे डोळे दुखणारच. फोर-के मात्र आपल्याला कशाला? किंमत जास्त, बॅटरीही लवकर उतरते.

पण ठिपके वाढले म्हणून रंग खरा होत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. रंगासाठी 'आयपीएस' पडदा आहे का ते विचारावं. जुन्या पद्धतीच्या 'टीएन' पडद्याकडे उभं राहून पाहिलं तर रंग उडतो, खालून पाहिलं तर काळवंडतो. माहितीपत्रकात 'एसआरजीबी' शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर उत्तम. स्वस्तातल्यांवर '४५ टक्के एनटीएससी' असतं, तिथे रंग फिकाच. उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. घरात अडीचशे चालतात, खिडकीपाशी बसायचं तर तीनशेच्या वर हवेत.

दुकानात फुलाफुलांचं झगमगीत चित्र लावून ठेवतात, त्यावर जाऊ नये. मी पिशवीतून डाळिंबी गोधडीचा तुकडा काढला, पेनड्राइव्हवरचा तिचा फोटो उघडायला लावला आणि दोन्ही शेजारी धरले. साडी नाही का आपण दारात नेऊन उजेडात बघत! दुकानदार हसला, पण दुसरं मशीन काढलंन.

चार हजार जास्त. आमच्या खजिनदारबाई कुरकुरल्या. मी म्हटलं, "अहो, रॅम पुष्कळदा नंतर वाढवता येते, पडदा घेतला तोच राहतो." एकाच नावाच्या लॅपटॉपला वेगवेगळे पडदे असतात, म्हणून त्यांनी बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घेतला आणि मगच पैसे मोजले.