नावात ‘इंडिया’, पण प्रवास सोसवेना : हेझी आयपीएच्या वादाचा इतिहास

१/
बिअररसिकांच्या बैठकीत अलीकडे एक वाद हमखास रंगतो. आपल्या गावातल्या छोट्या ब्रुअरीची हेझी आयपीए सरस, की अमेरिकेतील व्हरमाँट आणि मॅसॅच्युसेट्स इथल्या नामांकित ब्रुअरींची? वरवर पाहता हा चवीचा वाद आहे. माझ्या मते तो मुळात इतिहासाचा आहे, आणि इतिहास बाजूला ठेवल्यामुळेच त्याचा निवाडा बहुधा चुकतो. आजचा थ्रेड त्याविषयी.
(कायद्याने ठरवलेल्या वयाखालील वाचकांनी हा इतिहास केवळ इतिहास म्हणून वाचावा.)

२/
प्रथम ओळख. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. फिकट माल्टपासून केलेली आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा सढळ वापर असलेली बिअर. हेझी आयपीए ही तिची अगदी अलीकडची शाखा. ती संत्र्याच्या रसासारखी धूसर दिसते, कडवटपणा कमी असतो, आणि आंबा, संत्रे, पेरू अशा फळांची आठवण करून देणारा गंध हॉप्समधूनच येतो. तिच्यात फळे घातलेली नसतात, हे अनेकांना खरे वाटत नाही.

३/
आता माझाच एक फसलेला निवाडा सांगतो. बोस्टनला राहणाऱ्या मावसभावाने न्यू इंग्लंडमधील एका गाजलेल्या ब्रुअरीचा कॅन सामानातून पुण्याला आणला. तो चांगल्या दिवसासाठी म्हणून कपाटात राहिला. दोन महिन्यांनी तो उघडला आणि शेजारी पुण्यातल्याच एका ब्रुअरीतून त्याच सायंकाळी आणलेली हेझी ठेवली. कॅनमधली बिअर तपकिरीकडे झुकलेली, गंध विरलेला, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. आपली मात्र टवटवीत. मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘बघ, तुमचं नुसतं नाव मोठं!’

४/
भाऊ शांतपणे म्हणाला, ‘दादा, तू बिअरची परीक्षा घेतलीच नाहीस. तू प्रवासाची परीक्षा घेतलीस.’ हे वाक्य मला लागले, कारण ते इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःच म्हणायला हवे होते. एखादा पुरावा कुठून आला, कोणत्या वाटेने आला, वाटेत त्याचे काय झाले, हे न विचारता त्याच्यावर निकाल देऊ नये, हा आपला पहिला धडा. आणि गंमत अशी की आयपीए या नावाचा सारा इतिहास म्हणजे प्रवासाचाच इतिहास आहे.

५/
अठराव्या शतकाचे उत्तरार्ध. लंडनच्या पूर्वेस, ली नदीकाठी बो येथे जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत ते ब्लॅकवॉल तिथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा माल नेऊन हिंदुस्थानात विकण्याची मुभा असे. हॉजसनने त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर बिअर दिली. त्याच्या यशाचे रहस्य एखाद्या गुप्त पाककृतीत नव्हते. ते भूगोलात आणि उधारीच्या वहीत होते.

६/
इथे एक लोकप्रिय दंतकथा बाजूला सारू. ‘हिंदुस्थानात पोचेपर्यंत बिअर नासत असे, म्हणून हॉजसनने जादा हॉप्स घालून आयपीए शोधून काढली’, ही ती कथा. ब्रिटिश बिअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रे तपासून तिचा पाया काढून घेतला. इतर बिअरही हिंदुस्थानात सुखरूप पोचत होत्या. गोरे शिपाई प्रामुख्याने पोर्टर ही काळी बिअर पीत आणि तीही याच समुद्रमार्गाने येई. मुरवत ठेवण्याजोग्या कडक, फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होत्याच.

७/
मग प्रवासाचे काय? प्रवासाने बिअर निर्माण केली नाही, पण निवडली. केप ऑफ गुड होपला वळसा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, चार ते सहा महिने जहाजाच्या पोटात हेलकावे आणि उष्मा. जी बिअर अंगी साखर फारशी न ठेवता पुरती आंबलेली, हॉप्सनी भरलेली आणि आधीच मुरवलेली होती, ती या वाटेने बिघडण्याऐवजी आणखी पक्व झाली. मुंबई-कलकत्त्याच्या उकाड्यात कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांना ती स्वच्छ, फेसाळ आणि तरतरी आणणारी वाटली.

८/
म्हणजे नावातला ‘इंडिया’ हा शब्द उगमाचा नव्हे, बाजारपेठेचा आहे. ही बिअर हिंदुस्थानात जन्मली नाही, तिच्यात इथला एकही घटक नव्हता आणि ती पिणाऱ्यांत हिंदी माणूस क्वचितच असे. ‘आयपीए आपल्याकडे जन्मली’ असे संदेश अभिमानाने पुढे ढकलले जातात, त्यांना एवढे उत्तर पुरे. नाव आपले, जहाज कंपनीचे, नफा लंडनचा.

९/
आता ‘स्थानिक विरुद्ध नामांकित’ या वादाचा पहिला अंक. १८२० च्या दशकात हॉजसनच्या वारसदारांनी उधारी आखडती घेतली आणि वाहतूक व विक्रीही स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न केला. कंपनीचे लोक दुखावले. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्चबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील सॅम्युएल ऑलसॉप याच्यापुढे हॉजसनच्या बिअरचा नमुना ठेवला आणि अशी बिअर करून पाहा म्हणून सुचवले. रशियाने जकात वाढवल्यामुळे बर्टनकरांचा जुना बाजार बसला होता. ते नव्या गिऱ्हाइकाच्या शोधातच होते.

१०/
बर्टनची बिअर ही उघड नक्कल होती. पण तिथल्या भूगर्भातील जिप्समच्या थरांमुळे विहिरींचे पाणी सल्फेटयुक्त होते. त्या पाण्याने बिअर अधिक निर्मळ झाली आणि हॉप्सचा कडवटपणा धारदार झाला. नक्कल अस्सलाहून सरस ठरली! काही वर्षांतच बर्टन हेच आयपीएचे माहेरघर मानले जाऊ लागले आणि बो विस्मरणात गेले. ‘अस्सल कोणाची?’ असे आज तावातावाने विचारणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. आयपीएच्या इतिहासात ‘अस्सल’ही एकदा नकलेतूनच घडले आहे.

११/
कीर्तीचा कळस पाहा. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदले गेले ते बर्टनच्याच बास कंपनीचे लाल त्रिकोण. १८८२ साली एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमधील मद्यगृहाचे प्रसिद्ध चित्र पूर्ण केले. त्यातही लाल त्रिकोणाच्या बाटल्या दिसतात. त्या काळी बिअरची थोरवी कशावर मोजली जात होती? ती किती दूर पोचते यावर. ही मोजपट्टी नीट लक्षात ठेवा. पुढे तीच आपला घात करते.

१२/
पुढील शंभर वर्षे झपाट्याने ओलांडू. लागर बिअरची लाट, करांचा बोजा आणि महायुद्धातील धान्यटंचाई यांमुळे ब्रिटनमधील आयपीए पातळ होत गेली. पुनर्जन्म झाला तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. १९७२ साली कॅस्केड ही हॉप्सची नवी जात वापरात आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने १९७५ मध्ये आणि चिको येथील सिएरा नेवाडाने १९८० पासून तिचा ठसठशीत वापर केला. त्यातून घडलेली आयपीए निखळ पारदर्शक, खणखणीत कडवट, चीड आणि ग्रेपफ्रूटच्या गंधाची होती.

१३/
पूर्व किनाऱ्यावर मात्र वेगळे घडत होते. व्हरमाँटच्या बर्लिंग्टन शहरात १९८८ साली ग्रेग नूनन यांनी ब्रूपब उघडला. त्यासाठी आधी राज्याचा कायदा बदलून घ्यावा लागला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जॉन किमिच यांनी पुढे वॉटरबरी या छोट्या गावी ‘द अल्केमिस्ट’ हा ब्रूपब सुरू केला. नूननकडून मिळालेले यीस्ट वापरून २००४ साली त्यांनी ‘हेडी टॉपर’ केली. ती गाळण्याचे त्यांनी नाकारले, कारण गाळताना गंधही निघून जातो. धूसरपणा हा हेतू नव्हता, तो त्या निर्णयाचा परिणाम होता.

१४/
२०११ च्या ऑगस्टअखेरीस आयरीन वादळाच्या पुरात वॉटरबरीचा ब्रूपब बुडाला. कॅन भरण्याचा नवा कारखाना योगायोगाने त्याच सुमारास सज्ज होता. हेडी टॉपर कॅनमधून विकली जाऊ लागली. लोक तासन्‌तास गाडी चालवून येऊ लागले. गर्दीच्या त्रासामुळे २०१३ साली तिथले दुकान बंद करावे लागले. पुढे मॅसॅच्युसेट्समधील ट्री हाउस आणि ट्रिलियम यांनी हीच वाट रुंद केली. ध्यानात घ्या : इथे बिअर जगाकडे गेली नाही. जग बिअरकडे आले.

१५/
याचे कारण तिच्या घडणीतच आहे. हेझीत ओट्स आणि गहू घालतात. त्यांतील प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफिनॉल यांच्या संयोगाने ती धूसर होते. हॉप्सचा मोठा वाटा उकळताना न घालता नंतर, थंड बिअरमध्ये घालतात. पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडचे पारडे जड ठेवतात, म्हणजे बर्टनच्या नेमके उलट. परिणाम मऊ आणि सुगंधी, पण नाजूक. प्राणवायूचा किंचित संपर्क आणि थोडी उष्णता एवढ्यानेच रंग काळवंडतो, गंध उडतो. थंड ठेवूनही तिचे वैभव काही आठवड्यांचेच.

१६/
आता मुद्द्यावर येतो. जुनी आयपीए सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून सुधारत असे. तिची ही पणती दोन महिन्यांत माझ्या कपाटात कोमेजली. नावात ‘इंडिया’ म्हणजे दूरचा प्रवास, आणि अंगी मात्र प्रवासाची असोशी मुळीच नाही. तरीही आपण हेझीची थोरवी एकोणिसाव्या शतकाच्याच मोजपट्टीने मोजतो : जिची ख्याती दूरवर पोचली ती थोर. ख्याती दूरवर पोचते. हेझी पोचत नाही. ग्लासात उरते ते केवळ नाव.

१७/
यावर आक्षेप येईल : सिएरा नेवाडाने २०१८ पासून हेझी अमेरिकाभर विकलीच ना? त्याच वर्षी अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने हेझीला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यताही दिली. हे खरे आहे. मोठे भांडवल, थंड साठवणूक आणि काटेकोर यंत्रणा असेल तर हेझी काही प्रमाणात प्रवास करते. पण शीतसाखळी म्हणजे अंतर जिंकणे नव्हे, अंतराचे भाडे भरणे होय. विमानाच्या सामानात आलेल्या कॅनने ते भाडे भरलेले नसते.

१८/
म्हणून स्थानिक ब्रुअरीची पाठ थोपटून थांबू का? मुळीच नाही. स्थानिकतेने तिला ताजेपणाची संधी मिळते, गुणवत्ता नव्हे. तळाचे यीस्ट ढवळले जाऊन आलेला गढूळपणा आणि जाणीवपूर्वक साधलेला धूसरपणा यांत फरक आहे. ‘हेझी आहे’ ही सबब कच्च्या कामावर पांघरूण म्हणून चालू देऊ नये. आपल्या ब्रुअरींचे हॉप्सही बहुतांशी परदेशांतून येतात. तेव्हा ‘स्वदेशी’चा टेंभाही नको. दाबून, हवाबंद करून आलेले हॉप्स प्रवास सोसतात, तयार बिअर सोसत नाही, एवढाच इथला न्याय.

१९/
माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्या दारची ताजी, नीट केलेली हेझी ही सातासमुद्रांपलीकडून आलेल्या शिळ्या नामांकित हेझीपेक्षा सरस असते, आणि त्यात त्या नामांकित ब्रुअरीचा काडीचाही दोष नसतो. खरी तुलना करायची तर दोन्हींचे वय सारखे हवे, दोन्ही थंड राहिलेल्या हव्यात आणि कोणती कोणाची हे चाखणाऱ्याला ठाऊक नसावे. नाहीतर वॉटरबरीची बिअर वॉटरबरीत प्यावी, पुण्याची पुण्यात. ग्राहक म्हणून एकच हट्ट धरा : कॅनवर भरल्याची तारीख छापलेली असावी.

२०/
शेवटी एक आपल्या मातीतली गोष्ट. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ब्रुअरीचे नाव ‘डूलाली’. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून पडला. मायदेशी परतण्यासाठी गोरे शिपाई तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत खितपत पडत. त्यांना लागणाऱ्या वेडाला ‘डूलाली टॅप’ म्हणत आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. एकेकाळी बिअर जहाजातून येई आणि शिपाई जहाजाची वाट पाहत. पुढे ती बिअर देवळालीचे नाव घेऊन पुण्यातच तयार होऊ लागली. तिला कोणत्याही जहाजाची वाट पाहावी लागली नाही.

२१/
बोहून बर्टन, बर्टनहून कॅलिफोर्निया, तिथून व्हरमाँट, आणि आता आपापले गाव. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘अस्सल’ होते आणि कोणीतरी ‘नक्कल’. काळाने दोघांच्या जागा बदलल्या. म्हणून पुढच्या वेळी हा वाद रंगला, की ‘कोणाची मोठी?’ असे विचारण्याआधी ‘कधीची?’ असे विचारा.
मावसभावाला हा थ्रेड पाठवला आहे. त्याचे उत्तर आले, ‘आता तूच इकडे ये.’ मान्य करणे भाग आहे.
तुमचे मत वेगळे असल्यास अवश्य लिहा. थ्रेड समाप्त.