ताटांतील धान्याचा व डाळीचा हिशेब

तहसील कचेरींत पीकपाहणीचीं पत्रकें जुळवितां जुळवितां आमचें उभें आयुष्य गेलें. खरिपाच्या रकान्यांत सोयाबीन व तूर हीं नांवें आम्हीं किती वेळां लिहिलीं, याची गणती नाहीं. परंतु ज्या घरानें तीं पिकविलीं त्याच्या ताटांत त्यांतलें किती पडतें, याचा रकाना कोणत्याच दप्तरांत नाहीं. तो हिशेब आज मांडणें अवश्य झालें आहे. कारण मधुमेह हा शहरांतील बैठ्या लोकांचाच रोग, हा समज आतां टिकत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींवर लोकांस ही व्याधि आहे.

इन्सुलिन हा स्वादुपिंडाचा अंतःस्राव होय. रक्तांतील साखर पेशींनीं उचलावी, असा हुकूम तो देतो. पिठूळ व गोड पदार्थांचा भडिमार झाला, अंगमेहनत सुटली व पोटांत चरबी सांचली, म्हणजे यकृत व स्नायू तो हुकूम मानीनासे होतात. मग हुकुमावर हुकूम सुटतात व अखेर स्वादुपिंडच थकतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे कीं, आपल्या लोकांचा बांधा कृश दिसला तरी अंगांत चरबीचें प्रमाण अधिक असूं शकतें. तेव्हां सडपातळ माणसानेंहि निश्चिंत राहूं नये.

कित्येक म्हणतात, पोळी सोडून भाकरीकडे वळावें. ज्वारी हें वऱ्हाडचें जुनें अन्न, व तें चांगलेंच आहे. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. त्याच परिषदेच्या पाहणीवरून २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें आढळलें कीं, आपल्या अन्नांतील सुमारें ६२ टक्के उष्मांक पिष्ट व शर्करा यांपासून येतात. हा वांटा तसाच ठेवून तांदुळाऐवजीं गव्हाचें किंवा ज्वारी-बाजरीचें पीठ घेतल्यानें धोका घटलेला दिसला नाहीं. मात्र त्यांतील ५ टक्के उष्मांक डाळी वा दूधदुभतें यांच्या प्रथिनांतून घेतल्यास धोका कमी दिसला. अर्थात् वाद पोळी कीं भाकरी हा नसून, धान्य किती व डाळ किती हा आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत तुरीचीं पोतीं बाजार समितींत जातात, आणि घरीं पोळ्यांची चळत, भात, पाण्यासारखें वरण व साखरेचा चहा उरतो. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशीं ५ किलो धान्य मिळतें. गरिबाची चूल त्यावर पेटते, त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तुरीचा पैसा होतो व कर्जाचा हप्ता थांबत नाहीं, हेंहि आम्ही जाणतों. परंतु गोळ्यांचा खर्च जन्माचा असतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं बैठें काम करणाऱ्या शाकाहारी माणसास रोज २५० ग्रॅम धान्य व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें असें प्रमाण सुचविलें आहे. श्रम करणाऱ्यास धान्य अधिक लागेल. पण डाळ त्याहून कमी नसावी. या मानानें पांच माणसांच्या घरास वर्षाला सुमारें दीड क्विंटल डाळ पुरते. एवढा वांटा बियाण्याप्रमाणें आधीं बाजूस काढावा, मगच गाडी भरावी. सोयाबीन घेणें तर नीट भाजून वा शिजवून घ्यावें. ज्यांस औषध चालू आहे अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारूनच आहार बदलावा.

ज्यानें गांवोगांव तूर पुरवावी, त्यानेंच पातळ वरणावर दिवस काढावे, हा हिशेब आम्हांस तरी जुळत नाहीं.