रेव्हरंड टिळकांचे घर

नाताळच्या दिवसांत महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांतून जी मराठी भजने गाइली जातात, त्यांतील कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. चाल ओळखीची, ठेका ओळखीचा, 'माउली' हे संबोधनही ओळखीचे. फक्त ज्यास हाक मारावयाची तो ख्रिस्त. या पानासाठी चार शब्द लिहिण्याची सूचना आम्हांस झाली तेव्हा पंढरपुरात नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्या हरिदासाने नाताळावर काय लिहावे, असा संकोच क्षणभर वाटला. परंतु टिळक हे आमच्याच विद्येतले. त्र्यंबक-नाशिक भागात गणेशशास्त्री लेल्यांपाशी त्यांनी संस्कृत काव्य अभ्यासिले, पुराणे सांगितली, कीर्तने केली. पुढे त्यांची श्रद्धा बदलली. पण कीर्तन सुटले नाही. मराठी ख्रिस्ती समाजात ते रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते उघडपणे सांगत.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने हा शीघ्रकोपी पंडित विरघळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. इतका वृत्तान्त कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. आम्हांस सांगावयाचे आहे ते याहून निराळे.

धर्मोपदेशकाच्या चिंतनाची परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती घरात होते. आणि टिळकांच्या दैवयोगाने त्यांच्या घरात एक परीक्षक बसलेला होता. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. कोणत्याही संप्रदायातील कोणत्याही उपदेशकाचे इतके निर्मळ आणि इतके निर्भय चित्र मराठीत दुसरे असेल, असे आम्हांस वाटत नाही. ज्याने फुलांवर आणि मुलांवर जीव लावला, पारध्याच्या बाणाने विद्ध झालेल्या पक्षिणीसाठी ज्याची लेखणी रडली, त्याच पुरुषाचा संताप घरात क्षणात भडके आणि क्षणात विझे. हाती आलेले पैसे घरी पोहोचतीलच असा नेम नसे. न सांगता निघून जावे, आणि मागे राहिलेल्या बाईने पोराबाळांसह दिवस काढावेत, असेही पुष्कळदा घडले. बाईंनी यातले काही झाकले नाही. आणि नवल असे की, वाचून झाल्यावर टिळकांविषयीचा आदर उणा होत नाही. ज्या घरी स्वतःचीच ओढाताण, त्या घरी दुष्काळातील अनाथ पोरे जेवत होती, हेही त्याच लेखणीने लिहिले आहे.

त्यांतील आमच्या मनावर कोरला गेलेला भाग आमच्याच गावचा आहे. पतीने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरी येऊन राहिल्या. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. अशा बाईकडे गाव कोणत्या दृष्टीने पाहते, हे आम्ही सांगावयास नको. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच. पाळकाच्या घरात पाळकाच्या पत्नीची चूल वेगळी! टिळकांनी ते चालू दिले. ज्याचा संताप मिठावरून उसळावा, त्याने या एका बाबतीत मात्र वाट पाहिली. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःशीच विचारला, स्वतःच सोडवला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय बरोबर की चूक हा वाद आम्ही येथे घालणार नाही. आमची श्रद्धा आमच्या विठ्ठलापाशी आहे. परंतु दुसऱ्याच्या मनाची घाई न करणे हे आम्हां उपदेशकांस किती अवघड जाते, ते आम्ही जाणतो.

आता एक कबुली. १९९० च्या सुमारास एका गावी उत्सवात आम्ही क्षमा या विषयावर पूर्वरंग मांडला आणि उत्तररंगास लक्ष्मीबाईंचे पंढरपूरचे दिवस आख्यान म्हणून घेतले. अर्ध्यावर काही मंडळी उठून गेली. यजमानांनी बिदागी दिली, पण नारळ देताना दृष्टी भिडवली नाही. त्यानंतर ते आख्यान आम्ही पुन्हा उभे केले नाही. विषय ऐकणाऱ्यांस रुचत नाही, असे आम्ही स्वतःस सांगत राहिलो. खरे कारण पुढच्या वर्षीचे आमंत्रण हे होते.

त्याच रात्री मुक्कामी परतल्यावर, उशिरा आलेल्या पेटीवाल्यास आम्ही नको तितके बोललो. आमची मंडळी बरोबर होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, टिळकांचा राग इतका रंगवून सांगितलात, आपला कोठे सांगितलात?" त्यावर आम्ही काय उत्तर दिले ते लिहिण्याजोगे नाही. पेटीवाला त्यानंतर आमच्याबरोबर आला नाही.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरी सोडली. १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांस तसेच न घेतलेल्यांसही त्यात जागा ठेवली. वेतन गेले, ठरलेले श्रोते गेले. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते स्वतःही गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. त्याचे पुढचे अध्याय कोणी लिहिले असतील? त्याच बाईंनी.

पस्तीस वर्षे बासनात पडलेली आमची त्या आख्यानाची वही या मार्गशीर्षात आम्ही बाहेर काढली आहे. कागद पिवळा पडला आहे, दोन पदांच्या चाली आठवत नाहीत. पेटीवाल्याचा मुलगा आता पेटी वाजवतो, असे कळले. त्यास निरोप धाडला आहे. उत्तर अजून आलेले नाही.