बॉल सोडा, पोरं कुठं उभी आहेत ते बघा

बेळगावात लेले मैदानावर किंवा कॅम्पातल्या सेंट पॉल्सच्या मैदानावर शाळांचा सामना लागला की काठावरून एकच ओरडा सुरू असतो : 'मार! लांब मार!' निपाणीत काही वेगळं नाही, आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ भिडले की विचारूच नका. लांब किकचं कौतुक करायला कुणाची ना नाही. पण तो बॉल पडणार तिथं आपलं कोण होतं, हे ओरडणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलेलं नसतं.

म्हणून पालकांना विनंती आहे. पुढच्या सामन्यात निदान १० मिनिटं बॉलकडं बघूच नका. उजवा बॅक बॉल घेऊन वर गेला, टाळ्या पडल्या. आता त्याची मागं सुटलेली जागा कोण धरतंय ते बघा. उजवा हाफ कमरेवर हात ठेवून उभा असेल, तर समोरच्यांनी बॉल हिसकावला की गोल तिथूनच बसणार. शिव्या मात्र गोलकीपर खाणार.

४-४-२, ४-३-३ हे आकडे टीव्हीमुळं आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहेत. त्यांना बिचकू नका आणि भुलूही नका. गोलकीपर सोडून राहिलेले १० जण मागं किती, मध्ये किती, पुढं किती, एवढाच हिशेब. ४-३-३ मध्ये मैदानाच्या मधोमध आपले तिघं येतात आणि समोरच्या ४-४-२ च्या मधल्या दोघांना पास देऊन देऊन दमवतात. त्याची किंमत कडेच्या दोन फॉरवर्डनी मोजायची असते. ते मागं पळाले नाहीत तर आपला बॅक एकटा पडतो, आणि पळायचं म्हटलं की फॉरवर्डची तोंडं वाकडी होतात! शिवाय हे सगळं सपाट, सुक्या मैदानावरचं. जुलैत आपल्याकडं बॉल चिखलात रुतून बसतो, तिथं छोटे पास कसले चालवताय? तिथं दोन फॉरवर्ड जवळजवळ ठेवून उंच बॉलवर झडप घालायला लावणंच शहाणपणाचं. सर तसं खेळवत असतील तर त्यांना जुनाट ठरवू नका.

'आमच्या पोराला बॅकला का टाकलं?' म्हणून सरांशी हुज्जत घालणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा. हा गडी मूळचा बचावपटू. स्पर्धेत डोक्याला जखम होऊन टाके पडले, तेव्हा प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला पुढं खेळवलं. बचावपटू कुठं गाफील राहतो, हे बचावपटूइतकं कुणाला ठाऊक असणार? बॅकला खेळून पोराचं नुकसान होत नाही. १२ व्या वर्षी उंच दिसला म्हणून कायमचा मागं, चपळ दिसला म्हणून कायमचा पुढं, असं करण्यात मात्र नुकसान आहे. १६ व्या वर्षी अंगलट पार बदललेली असते. चौदाएक वर्षांचा होईपर्यंत त्याला सगळ्या जागा फिरू द्या, गोलकीपरचीसुद्धा.

मंडळांनाही सांगणं आहे. लहान गटाला पूर्ण मैदानावर ११-११ खेळवू नका. बिचारी पोरं नुसती पळतात, बॉल वाट्याला येत नाही. ७-७ घ्या, गोलपोस्ट लहान लावा. आणि सगळा मान गोल मारणाऱ्यालाच देण्याची पद्धत आता बदला. उत्कृष्ट बचावपटूचा चषक त्याच्याइतकाच मोठा ठेवा. आणि तुमच्या दारात स्पर्धेची वर्गणी मागायला मंडळ आलं, तर आधी ही अट घाला, मगच पावती फाडू द्या.