साडीतील मरियामाता

नाताळच्या निमित्ताने एका चित्रकाराचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात झाला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात त्यांनी कलेची दीक्षा घेतली आणि ख्रिस्तचरित्र भारतीय वळणाने रंगविले. त्यांची मरिया साडी नेसते, पदर डोईवरून घेते व बाळ येशूला आपल्या आयाबायांप्रमाणे उराशी धरते.

त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. तेथील अनेक धर्मधुरीणांना हे रूप रुचले नाही आणि फोन्सेकांना जन्मभूमीचा निरोप घ्यावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६७ साली निधन होईपर्यंत त्यांनी आपला बाणा सोडला नाही. वास्तविक राफाएलची मरिया तरी बेथलेहेमची कोठे? तीही इटलीचीच लेक दिसते.

आपल्याकडील आक्षेप याच्या उलट असतो. हा वेश म्हणजे भाविकांस भुलविण्याचे आमिष, असे आमचे काही स्नेही म्हणतात. ही शंका आम्ही अगदीच निराधार मानीत नाही. धर्मप्रसाराच्या इतिहासात बळ आणि प्रलोभन दोन्ही घडले आहे. परंतु ज्या चित्रांपायी स्वधर्मीयांचा रोष पत्करावा लागला, घर सुटले, त्यांना आमिष कसे म्हणावे?

सडक अर्जुनीत आम्ही कीर्तनास उभे राहतो, तेव्हा आमच्या यशोदेच्या अंगणात धानाच्या बांधीतलाच चिखल असतो. श्रोत्यांस ती आपल्याच आळीतली माउली वाटते, म्हणून त्यांचे डोळे पाणावतात. यात गोकुळाची अप्रतिष्ठा होत नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत प्रसिद्ध केले. मराठीने त्याला ओवी दिली म्हणून ओवी उणी झाली नाही. साडीचेही तसेच आहे.

गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह जतन झाला आहे. त्यांपुढे हात जोडावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न होय. मात्र वात्सल्यरसाची महती गाणाऱ्या आम्हां वैष्णवांना परक्याच्या घरातील आई ओळखता येऊ नये, तर आमच्या कीर्तनाचे फल काय? सुज्ञ वाचकांनी याचा विचार करावा.