कागदावरची माणसे

बँकेचा ताळेबंद सरलेल्या वर्षाचा असतो, पेन्शनचा हिशेब मात्र पुढचा. अमुक एक गृहस्थ किती वर्षे जगतील हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. पण दहा हजार गृहस्थांपैकी सत्तरी किती ओलांडतील, हे बऱ्यापैकी सांगता येते. आरोग्याचे नियोजनही याच पायावर उभे असते.

१७६० साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे असा हिशेब मांडला. लस यायची होती; देवीच्या फोडांतला द्रवच निरोगी माणसाला टोचत. त्याने दोनशेत एक दगावेल असे धरूनही, सर्वांना टोचल्यास सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढते, असे त्याने दाखवले. दालाँबेर टोचण्याच्या विरोधात नव्हता, पण त्याने नेमके बोट ठेवले : फायदा आयुष्याच्या शेवटी आणि धोका आजच! मांडीवर मूल घेतलेल्या आईला सरासरी काय सांगणार?

१९५७ मध्ये गाय ऑर्कट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वेगळी वाट सुचवली. सरासरी बाजूला ठेवा, एकेक माणूस मोजा. पुढे कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने लोकांच्या आरोग्यासाठी असे प्रारूप उभारले. संगणकात असंख्य काल्पनिक माणसे असतात. प्रत्येकाचे वय, वजन, विडी-सिगारेटची सवय ठरलेली. दर वर्षी प्रत्येकाच्या नावाने जणू चिठ्ठी काढायची. मधुमेहाचा धोका शंभरात दोन असेल, तर शंभर चिठ्ठ्यांत दोन मधुमेहाच्या. असे मरेपर्यंत. मग तंबाखू कमी झाली असे धरून सारा खेळ पुन्हा मांडायचा आणि फरक पाहायचा. लाभ कोणाचा आणि भार कोणावर, हेही त्यात दिसते.

पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्याकडे २०११ नंतरची जनगणना २०२१ साली झालीच नाही. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. 'म्हातारपणाने गेली' म्हणून आपण मोकळे होतो; त्या आजीचा रक्तदाब कोणत्याच हिशेबात येत नाही. मग तिच्या नातवासाठी दवाखाना कुठे हवा, हे ठरवायचे कशावरून?

म्हणून घरात मृत्यू झाला, तर दुःखातही कारणाची नोंद नीट करून घ्या. गेलेल्या माणसाने मागच्यांसाठी भरलेली ती शेवटची ठेव आहे.